शेकलेलं संतूर

पुणतांब्याच्या शिवेवर रेल्वेचं एक फाटक होतं आणि त्या फाटकावर सहादू होता. बाकी काही नव्हतं. पत्र्याची एक खोली, एक कडुनिंब, एक माठ, आणि मग रूळ, रूळ आणि रूळ! गाडी यायची, सहादू फाटक लावायचा, बावटा धरून उभा राहायचा. डब्यातली माणसं खिडकीतून त्याच्याकडे बघायची आणि ओळख होण्याआधीच दौंडच्या दिशेनं निघून जायची. दिवसभरात शेकडो माणसं बघणारा आणि एकाशीही न बोलणारा माणूस कुठं असेल, तर तो असाच एखाद्या फाटकावर असतो.

पण अलीकडे त्या खोलीत एक गंमत घडायची. गाडी दिसायच्याही आधी खाटेवर ठेवलेल्या लाकडी पेटीच्या तारा आपोआप गुणगुणायला लागायच्या. कुणी हात लावलेला नसायचा. मालगाडी जवळ येईल तसा तो आवाज भरायचा आणि शेवटचा डबा गेल्यावर हळूहळू विरून जायचा. सहादू दारात उभा राहून ऐकायचा आणि मनात म्हणायचा, "गाडीला वाजवता येतं, मला येत न्हाई."

आता ही पेटी इथं कशी आली ते सांगायलाच हवं, आणि त्याआधी हलगीचं.

एके काळी सहादूची हलगी म्हणजे हलगी होती! उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी, आणि शेजारी त्याचा चुलतभाऊ रंभाजी सनई घेऊन. ती हलगी कडाडली की नदीपलीकडच्या गावात बाया त्याच ठेक्यावर भाकरी थापायच्या म्हणे. पण ती वाजायची दुसऱ्याच्या दारात. सांगावा आला की जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, वाजवायचं, वाढलेलं घेऊन परतायचं. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि ठरवलं की आता मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि कुणाच्या दारात हलगीही वाजवायची नाही. सहादूनं आपल्या हातानं हलगी गोदावरीत सोडली. वाईट वाटलं का? छे! परतताना त्याची मान अशी ताठ होती की बघत राहावं. फक्त एक झालं. ही गोष्ट त्याच्या हातांना कुणी सांगितली नाही.

झोपेत त्याची बोटं खाटेच्या लाकडावर वाजत राहायची. बायको, भामाबाई, होती तोवर ती त्या बोटांवर आपला हात ठेवायची आणि बोटं गप्प व्हायची. ती गेली. मग बोटांना अडवणारं कुणी राहिलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीमंत पलटणीत होता. एकाहत्तरची लढाई संपली आणि तो सुट्टीवर आला, तो घोंगडीत गुंडाळलेली ही पेटी घेऊनच. काश्मिरात एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेली.

"बा, ह्याला संतूर म्हणतात. दोन काड्यांनी वाजवायचं."

सहादूनं लगेच हात मागं घेतला. "काड्यांनी?"

"चामडं न्हाई याला. कुठंच न्हाई. बघा की उलटून."

सहादूनं खरोखरच पेटी उलटी करून बघितली, वास घेऊन बघितला. नुसतं लाकूड. वर शंभरेक तारा, त्यांच्याखाली ओळीनं लावलेल्या छोट्या छोट्या लाकडी घोड्या, कडेला खुंट्या, आणि त्या पिळायला एक चावी.

"आमच्याकडं राहात्याचा एक सुभेदार हाय," श्रीमंत म्हणाला. "सगळ्यांना सांगतो, ह्याच्या बापासारखा हात मी दुसरा ऐकला न्हाई. सगळ्यांनी ऐकलाय बा. मीच न्हाई ऐकला."

"तू बी ऐकलाय की. माझ्या खांद्यावर बसून."

"मला आठवत न्हाई." त्यानं चावी बापाच्या हातात दिली. "पुढच्या सुट्टीला मला वाजवून दाखवायचं. माझ्यासाठी."

झालं! पोरगा गेला आणि सहादूच्या जिवाला घोर लागला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, उभ्या आयुष्यात कातड्यावर दणके मारलेला, आणि समोर ही बारीक तारांची नाजूक बया. पहिल्याच दिवशी त्यानं सवयीनं हात उचलला आणि एक तार तुटून मनगटाला फटकन लागली. हलगीला मारावं लागतं. हिला नुसतं टोकायचं होतं, चिमणी दाणा टिपते तसं. आणि आवाज? हलगी तीन गावांत जायची. हिचा आवाज कडुनिंबापर्यंतही पोचत नव्हता.

शेळ्या घेऊन रोज फाटक ओलांडणारी झुंबरबाई एकदा दारात डोकावली. "सहादूभाऊ, भांडी कोन घासतंय?"

"मीच वाजवतोय."

"वाजवताय व्हय? मला वाटलं, दुसरी बाई आनली!" ती खिदळली आणि शेळ्यांमागं पळाली. वाजवा बरं जरा, असं काही म्हणाली नाही.

वस्तीतले एक वडीलधारे मुद्दाम चौकशीला आले. "पुन्ना धरलं का रे?"

"चामडं न्हाई त्याला, तात्या."

"मंग बरं." पाणी प्यायले आणि गेले. त्यांनीही ऐकलं नाही.

ऐकायची तयारी दाखवली ती एकट्या आबासाहेबांनी. बागायतदार माणूस, फाटक उघडेपर्यंत जीपमध्ये बसून होते. "सहादू, हात खाजवायला लागले म्हण की! पोळ्याला ये ते घेऊन. बैलांपुढं वाजव."

"हे उभ्यानं वाजत न्हाई, आबासाहेब."

"मग बसून वाजव."

"बलावल्यावर वाजत न्हाई," सहादू म्हणाला आणि फाटक उघडलं. जीप धुरळा उडवत गेली. बोललो ते बरं बोललो, असं त्याला वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्याला आबासाहेबांचा हेवा वाटला. त्यांच्या बैलांना तरी कुणी वाजवणारं मिळालं असतं. सहादूला ऐकणारा बैलसुद्धा मिळत नव्हता.

तरी त्यानं सोडलं नाही. दुष्काळाचं वर्ष होतं, चाऱ्याच्या मालगाड्या येत-जात होत्या. दोन गाड्यांच्या मधे तो टोकत बसायचा. हळूहळू हात हलके झाले. काड्या तारेवर पडून आपसूक उडायला लागल्या. पावसाचे थेंब पत्र्यावर नाचावेत तसे सूर नाचायला लागले, आणि एका दुपारी तो स्वतःशीच मोठ्यानं हसला. कुणासाठी हसला? कुणासाठीच नाही.

ऐन थंडीत श्रीमंतचा निरोप आला की परवाच्या पॅसेंजरनं येतो. सहादूनं खोली सारवली, रॉकेल आणलं आणि संध्याकाळी संतूर पुढं घेतलं. गारठ्यानं त्याला आवाज बसल्यासारखा वाटला. ठस्स वाजत होतं. परवा पोरापुढं असंच वाजलं तर? आणि मग त्याच्या हातांनी, हो, हातांनीच, डोक्याला न विचारता जुनं काम केलं. आवाज बसला की हलगीवाला काय करतो? शेकतो! जाळ करायचा, हलगीचं तोंड त्याच्यापुढं धरायचं, कातडं ताणलं की आवाज असा उठतो की विचारू नका.

सहादूनं दारापुढं तुराट्यांचा जाळ केला. संतूर दोन्ही हातांनी उचललं, जाळापुढं धरलं आणि हलगीसारखं सावकाश फिरवलं. लाकूड छान ऊन झालं. तो खूश झाला. आत आणून त्यानं काडी टेकवली, तर तारा ढिल्या पडलेल्या! एक सूर जागेवर नाही. आणि मग लाकूड निवायला लागलं तसं कटकन वाजलं. कडेचा सांधा उकलला. बहुतेक घोड्या आडव्या झाल्या, एकीचे तर दोन तुकडे झाले.

सहादू जमिनीवर बसून राहिला. त्याला ठेका कळायचा, ताल कळायचा. सूर कधीच कळला नव्हता. सूर रंभाजीकडे असायचा.

आणि रंभाजीशी तर बोलणं नव्हतं. वस्तीनं वाजवणं सोडलं तेव्हा रंभाजी राहात्याला गेला आणि बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकायला लागला. तेव्हा सहादू सगळ्यांदेखत त्याला बोलला होता आणि रंभाजी उठून गेला होता, तो गेलाच.

सकाळी बदलीच्या माणसाला फाटकावर बसवून सहादूनं सायकल काढली.

राहात्यात रंभाजीच्या घरापुढं दोरीवर बँडचा लाल कोट वाळत होता, सोनेरी पट्ट्यांचा. रंभाजी ओट्यावर दात घासत होता. सहादूला बघून त्यानं चूळ टाकली.

"कोन मेलं?"

"कुनी न्हाई."

"मंग कशाला आलास?"

"सूर लावून पायजे."

रंभाजी मोठ्यांदा हसला. "सूर? आन माझ्याकडनं? तू काय म्हनला हुतास मला? रंभाजी पोटासाठी चूल बी फुंकंल आन सनई बी फुंकंल. म्हनला हुतास का न्हाई?"

"म्हनलो हुतो."

"भर वस्तीत."

"व्हय. भर वस्तीत." सहादूनं टोपी काढून हातात धरली. "रंभाजी, उद्या पोरगा येतोय. हात माझा हाय, पन कान तुझाच हुता. मला आपला वाटायचा."

रंभाजीनं पाण्याचा तांब्या उचलला. बराच वेळ त्यानं तोंड धुतलं. मग दोरीवरचा कोट ओढला. "चल. कोट घालतो. दुसरा धड न्हाई."

आणि सायकलीच्या कॅरिअरवर लाल कोटातला रंभाजी, पुढं पायडल मारून घामाघूम झालेला सहादू, अशी ती वरात पुणतांब्याच्या फाटकावर आली. बदलीचा माणूस बावटा विसरून बघत राहिला.

रंभाजीनं संतूर बघितलं, सांध्यावरून बोट फिरवलं, बोट हुंगलं. "ह्याला धुराचा वास कसा?"

सहादू खाली बघत होता.

"सहाद्या... शेकलंस व्हय?" आणि रंभाजी जो हसायला लागला तो खाटेवर आडवाच झाला. "तारा शेकल्या! आरं, तू मेल्यावर बी सरनावरनं उठून इचारशील, ताव आला का म्हनून!" हसता हसता त्याचे डोळे गळायला लागले. मग त्यानं कोटाच्या बाहीनं ते पुसले आणि म्हणाला, "चावी आन."

दुपार त्यात गेली. सांधा सुतळीनं आवळला. रंभाजी तोंडानं सूर धरायचा, सहादू खुंटी पिळायचा. "चढव. आजून. बास, बास! उतरव, सासूवानी किंचाळती." मधेच गाडी आली की सगळं थांबायचं. शेवटी मधल्या पाच घोड्या उभ्या राहिल्या. पाच सूर. बाकीच्या तारा मुक्याच राहिल्या.

"आता वाजव," रंभाजी म्हणाला.

सहादूनं काड्या उचलल्या, चार ठोके मारले आणि थांबला. "ही आबासाहेबांच्या दारची वरात."

"मंग दुसरं काढ."

दुसरं काढलं. "हे मयताचं."

"आजून?"

"हे पोळ्याचं." काड्या त्यानं मांडीवर ठेवल्या. "रंभाजी, आपलं सोताचं कायच न्हवतं व्हय रे?"

रंभाजी कोटाची बटणं लावत होता. "मला नको इचारू. उद्या कोपरगावला वरात हाय माझी."

"ऱ्हा की पोरगा येस्तवर."

"वरात कुनासाठी थांबती व्हय?" दारातून तो परत वळला, एक मुकी तार बोटानं छेडून बघितली, मान हलवली आणि एसटीच्या रस्त्याला लागला. लाल कोट लांबपर्यंत दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या पॅसेंजरनं श्रीमंत आला. तीन दिवसांचा प्रवास, डोळे लाल झालेले. भाकरी खाऊन तो खाटेवर आडवा झाला आणि म्हणाला, "हं बा. करा सुरू."

सहादू संतूरपुढं बसला. वरात नको, मयत नको, पोळा नको. मग काय? आपलं असं काय होतं त्याच्याकडे? बाहेर अंधार दाटत होता, रूळ तेवढे चमकत होते. त्यांच्याकडे बघता बघता त्याच्या डाव्या हातानं हळूच टोकलं. टक-टक, टक-टक. रुळांच्या सांध्यांवरून चाकं जातात तसं. मग उजवा हात त्यात मिसळला. लांबून येणारी गाडी, मग जवळची, मग शेवटचा डबा, आणि मागं राहिलेलं सगळं मोकळं मोकळं. पाचच सूर होते, पण भामाबाई गेल्यापासूनच्या सगळ्या संध्याकाळी त्यात बसल्या.

"हलगीचं का हे?" श्रीमंतनं डोळे मिटूनच विचारलं.

"न्हाई. हलगीचं न्हाई."

"मग कुठलं?"

"हितलं."

"चांगलं हाय," श्रीमंत पुटपुटला. सहादू वाजवत राहिला. जरा वेळानं त्यानं वर बघितलं तर पोरगा गाढ झोपला होता. केव्हा झोपला, किती ऐकलं, काय माहीत! सहादूनं काड्या खाली ठेवल्या. पण टक-टक थांबली नाही. श्रीमंतचा हात खाटेच्या काठावर होता आणि झोपेत त्याची बोटं लाकडावर वाजत होती.

सहादूनं त्या बोटांवर ठेवायला आपला हात पुढं केला. मग तसाच मागं घेतला. वाजू दे.

तेवढ्यात संतूरच्या तारा गुणगुणायला लागल्या. दौंडकडून मालगाडी येत होती. तो कंदील घेऊन बाहेर गेला, फाटक लावलं, हिरवा उजेड धरून उभा राहिला. चाऱ्याचे डबे एकामागून एक गेले. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं कंदील हलवला, यानंही हलवला.

मग सहादूनं फाटक उघडलं. पलीकडे कुणीच थांबलेलं नव्हतं.