शुक्रवारचं दही

आमच्या शेजारच्या माईंच्या मते दही हाताच्या गुणावर लागतं, आणि तो गुण त्यांच्या नव्या सुनेच्या हाताला नव्हता. "प्रमोदिनीचं दही म्हणजे ताकच गं," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. बुधवारी गणेशपुरीहून माईंची बहीण जेवायला येणार म्हटल्यावर पोर आदल्या दिवशी रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"काकू, दूध कोमट घेते, विरजण ताजं घालते, तरी पाणीच!"

"भांडं ठेवतेस कुठे?"

"फडताळात."

त्या फडताळाच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यात रात्रभर कापड विणायचे लूम धडधडायचे. आतल्या वाट्यासुद्धा किणकिणायच्या, तिथे दही कसं लागणार? लूम बंद फक्त शुक्रवारी, आणि माई स्वतः दही लावायच्या तेही शुक्रवारीच. बाकीचे वार सुनेचे!

"आज भांडं तांदळाच्या डब्यात पुरून ठेव," मी म्हटलं. "आणि डबा त्या भिंतीपासून लांबच्या खोलीत, गोधडीवर. ऊब मिळेल, हादरे लागणार नाहीत."

बुधवारी मलाही जेवायला बोलावलं होतं. पाहुणीच्या वाटीत दह्याची अख्खी कवडी पडली. ती म्हणाली, "सूनबाईच्या हाताला गुण आहे हो!"

माईंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता शुक्रवारचंही हिनंच लावावं," त्या पुटपुटल्या.

"नको माई," प्रमोदिनीनं सगळी जाड साय त्यांच्या वाटीत वाढली. "शुक्रवार तुमचाच राहू दे. त्या दिवशी तुमच्या हाताला फार गुण असतो."