तोच नंबर

मावशीच्या गल्लीतल्या जुन्या तांब्याच्या तारा काढून टाकायचं फोन कंपनीनं ठरवलं, तेव्हा भाच्यानं एकच हट्ट धरला. फायबर आणा, डबा बसवा, भिंतीला हवी तेवढी भोकं पाडा, पण घरचा फोन राहिला पाहिजे आणि नंबर तोच राहिला पाहिजे.

भाच्याचं चष्म्याचं दुकान. "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" असं दिवसभर विचारून विचारून अंगात चिकाटी मुरलेली. फोन कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नवा नंबर लगेच देते. जुना हवा असेल तर थांबावं लागेल. आणि आजकाल घरचा फोन वापरतं कोण?"

"एक बाई वापरते," तो म्हणाला.

ती बाई म्हणजे त्याची आई, मावशीची धाकटी बहीण. गॅस चालू ठेवून ती रस्त्यावर निघून जायला लागली, तेव्हा तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं होतं. लग्न, नवरा, मुलगा, सगळं तिच्या मनातून एकेक करून पुसलं गेलं. उरला तो माहेरच्या फोनचा नंबर. मावशीनं लग्न केलं नव्हतं, ती अजून त्याच घरात राहत होती. आश्रमाच्या व्हरांड्यातल्या फोनवर धाकटीची बोटं रोज जेवणाआधी तोच नंबर दाबायची. डोकं विसरलं तरी बोटं विसरली नव्हती. तिला नवा नंबर पाठ करून घेणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा भाच्यानं खेटे घातले, गोड बोलला, एकदा आवाजही चढवला, आणि नंबर वाचवला. वायरमन आला. त्यानं फडताळावर पांढरा डबा बसवला, त्याच्या पाठीत मावशीच्या जुन्या फोनची वायर खोचली आणि गेला. भाच्यानं मोबाइलवरून नंबर लावला. फोन खणखणला. मावशी समोरच बसली होती, तरी उचलून "कोण बोलतंय?" म्हणाली. सवयच तशी.

तो निघाला तेव्हा तिनं विचारलं, "या डब्याचं मी काय करायचं?"

"काही नाही. इंटरनेटचा डबा आहे तो. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही. तू आपला फोन उचल म्हणजे झालं."

शहाणा माणूस एवढं बोलून समाधानानं जिने उतरला.

आठवडा संपायच्या आत दुकानात आश्रमाच्या नर्सबाईंचा फोन आला.

"तुमच्या आई जेवत नाहीयेत. कालही नाही, आजही नाही. फोनपाशी बसून असतात. ताट पुढे केलं की म्हणतात, आईला विचारलं नाही अजून."

"कुणाच्या आईला?"

"त्यांच्या. रोज फोन करून विचारतात ना, जेवू का म्हणून. हो म्हटलं की मुकाट्यानं जेवतात. पण आता तो नंबर लागतच नाही. मीही लावून पाहिला."

आजी जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि भाच्याला हे ठाऊक नव्हतं. दोघी बहिणी गप्पा मारत असतील असं तो धरून चालला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला मावशीचा थोडा हेवाही वाटायचा. त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम उतरवून घेतली, हात जोडले आणि शटर ओढलं.

मावशी फोनशेजारच्या खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले नव्हते.

"ती विसरली रे," ती म्हणाली. "तेवढं एक आठवत होतं तिला, तेही गेलं."

"मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? तू एवढी पायपीट करून नंबर ठेवलास, आणि आता तो लावणारंच कुणी उरलं नाही, असं सांगू?"

त्यानं रिसीव्हर कानाला लावला. चिडीचूप. वायर धरून तो डब्यापर्यंत गेला. डब्यावर एकही दिवा नव्हता. भिंतीवरचं बटण बंद होतं.

"हे कुणी बंद केलं?"

"मीच. दिवसभर उगाच लुकलुकत बसायचा. तूच म्हणालास ना, माझा संबंध नाही म्हणून."

मावशी ही अशी, की पाहुणा वाचत बसलेला असला तरी त्याच्या डोक्यावरचा दिवा मालवेल. आणि तिचं चुकलं तरी काय? जुन्या फोनला लागणारी वीज बाहेरून, त्याच्या तारेतूनच यायची. अख्ख्या गल्लीत अंधार झाला तरी तो वाजायचा. त्याला कधी बटण लागलं नव्हतं. आता तो घरच्या विजेवर, त्या डब्याच्या जिवावर चालत होता, आणि हे तिला सांगायचं काम ज्याचं होतं, तो हत्ती पार करून शेपटापाशी अडकला होता. भाच्याला स्वतःचा संताप आला. त्यानं बटण दाबलं आणि यावेळी सगळं नीट समजावून सांगितलं.

मावशीनं बाकीचं ऐकलंच नाही. "म्हणजे ती विसरली नाही?"

"नाही. ती लावतेय. जेवलीसुद्धा नाही."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. "आणि मी इथं बसून तिला गेल्यात जमा केलं."

"तू काय सांगतेस तिला रोज?"

"सांगते, आई आत आहे, तिचे हात गुंतलेत, जेव म्हणतेय. आईचा शब्द म्हटला की ऐकते ती."

डब्यावरचे दिवे स्थिर झाले. थोड्या वेळानं फोन वाजला. मावशी उठली, पण फोनला हात न लावता मागं सरली.

"तू घे. माझा रडका आवाज ऐकून घाबरेल ती."

त्यानं उचलला.

"हॅलो, आई आहे का?" बोलण्याची ढब लहान मुलीची, आवाज त्याच्या आईचा.

"आहे. आत आहे."

"तुम्ही कोण?"

जिभेवर आलेलं त्यानं गिळलं. "शेजारचा."

"मग जरा हाक मारा ना तिला. मी कधीची फोन करतेय."

ही हाक त्यानं कित्येक महिन्यांत मारली नव्हती. भेटायला गेल्यावर आई म्हटलं की ती दचकायची. एवढा बाप्या आपल्याला आई का म्हणतो, म्हणून नर्सबाईंच्या मागं लपायची. शेवटी त्यांनीच सुचवलं, नुसते बसत जा. तो नुसता बसायला शिकला होता.

त्यानं रिसीव्हर तोंडाजवळच धरला.

"आई," तो म्हणाला.

"जोरात मारा. तिला कमी ऐकू येतं."

"आई," त्यानं मोठ्यानं हाक मारली. मग कुणी न सांगता आणखी एकदा.

मावशीनं डोळे पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारातून म्हाताऱ्या आवाजात ओरडून सांगितलं, "तिला म्हणावं जेवून घे. माझी वाट बघू नकोस."

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"ऐकलं. जाते मी, ताट वाढलंय." मग म्हणाली, "तुम्हीपण जेवून घ्या हं. उशीर करू नका."

तिनं फोन ठेवला. तो रिसीव्हर कानाला धरून तसाच उभा राहिला. मावशीनं काही न विचारता त्याचं ताट वाढलं, आणि तो जेवायला बसला.