पाठीमागची हाक

“आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?”

माझ्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी हेच विचारते. लोक गोंधळतात. दोन्ही काचा सारख्याच वाटतात म्हणतात. मग मी पहिली काच पुन्हा लावते.

*

माझ्या नवऱ्याचं नाक डावीकडे झुकलेलं आहे. कॉलेजात फुटबॉल खेळताना मोडलं. ज्या गुडघ्याने मोडलं तो माझ्या धाकट्या भावाचा. चूक मात्र नवऱ्याची, हे तो स्वतःच सांगतो. “त्याने हाक दिली होती. मी चेंडू सोडला नाही.”

*

गोल खाल्ला की गोलकीपर आधी दुसऱ्यावर ओरडतो. बचावपटूंवर, रेफरीवर, सूर्यावर, स्वतःच्या बुटांवर. घरी येऊन जेवताना आईवर. मी लहानपणापासून बघत आलेय.

*

आमच्या घरात “माझा!” असं मोठ्याने कोणी म्हणत नाही. टॉवेल असो की चहाचा कप. “तो माझा असावा बहुतेक,” असं हळूच म्हणतात आणि उचलतात.

*

दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राच्या वर, दोरीला हातमोज्यांची जोडी वाळत असते. न वापरता धुतलेली.

*

आधी भिंत. नंतर खिडकी.

माझा!

हे सगळं एकाच माणसाचं आहे. माझ्या भावाचं.

भाऊ गोलकीपर. नवरा त्याच्या पुढ्यातला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, शिवाय संघाचा कप्तान. स्टॉपरची पाठ कायम गोलकीपरकडे असते. मागचं त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. “माझा!” अशी हाक आली की त्याने डोकं खाली घालायचं आणि चेंडू सोडून द्यायचा. विचार करायचा नाही. विचार करणाऱ्यांची नाकं मोडतात.

भावाला लोक भिंत म्हणायचे. वरच्या गटात जायला एकच सामना उरला होता आणि तो संपत आला होता. एक उंच, आळशी चेंडू आला, कोणीही घेतला असता असा. भाऊ ओरडला, “माझा!” नवरा जागच्या जागी थांबला. चेंडू दोघांच्या मधे पडला, टप्पा खाऊन जाळीत गेला.

भावाने लगेच हात वर केला. “माफ करा मंडळी. माझी चूक.”

टाळ्यासुद्धा वाजल्या. “किती सभ्य माणूस आहे बघा,” माझ्या शेजारचा प्रेक्षक म्हणाला. मला काहीतरी खटकलं. काय ते कळलं नाही.

पुढे सगळ्यांनाच कळलं. तो गोल त्याने विकला होता. चौकशीत त्याने काही लपवलं नाही, कोणावर ढकललं नाही. चार वर्षांची बंदी आली. भिंतीची खिडकी झाली. रस्त्यातली पोरं ओरडायची, “ए खिडकी, जरा वारा येऊ दे!”

असं का केलंस, हे मी त्याला एकदाच विचारलं.

“नाही म्हणायला एक माणूस लागतो ताई,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी घरी नव्हतो.”

मी त्याला दुकानात घेतलं. काचा घासायचं काम तो शिकला. हात पहिल्यापासूनच चांगले. नवरा पूर्वी त्याला चिडवायला “काय मेहुणे, येणं केलंत?” असं अहो-जाहो करायचा. त्यानंतर तो “तुझा भाऊ” झाला. “तुझा भाऊ आत असेल तर मी बाहेर थांबतो.” आणि बाहेर थांबायचा, पावसातसुद्धा, दुकानाच्या पाटीखाली.

मागे माणूस आहे!

बंदी संपली त्याच सुमारास संघाच्या गोलकीपरचा खांदा निखळला. प्रशिक्षक डोळे तपासायचं निमित्त काढून दुकानात आले.

“खालची ओळ वाचा.”

“ओळ राहू दे गं. तुझा भाऊ अजून उड्या मारतो का?”

“काचा घासतो.”

“मला सांगू नकोस. रोज सकाळी पुलाखाली भिंतीवर चेंडू मारतो आणि स्वतःच अडवतो. मी पाहिलंय.”

आमच्या प्रशिक्षकांची एक जुनी रीत आहे. गोलकीपर ते निवडत नाहीत. बचावातल्या ज्या चौघांनी त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, ते चौघं निवडतात. पाठ ज्याची, मत त्याचं.

“तिघं म्हणतात, कप्तान म्हणेल ते,” प्रशिक्षक म्हणाले. “आणि तुझा कप्तान म्हणतो, शनिवारी सराव सामन्यात उभा करा. सामना झाला की हो किंवा नाही सांगेन. नाही म्हणाला तर मी पुन्हा विचारणार नाही. दुसरा कुठला क्लबही मग विचारायचा नाही.” खुर्चीतून उठता उठता ते थांबले. “खरंच चष्मा लागलाय का मला?”

“लागलाय.”

“मग कर बाई.”

डावीकडे! उजवीकडे!

त्या आठवड्यात खुर्चीत बसलेल्यांनी जे ऐकवलं ते असं.

बँकेतला रोखपाल, उजवा डोळा झाकून: “शिक्षा भोगली, मान्य. पण तिजोरीतून चोरलेल्याला पुन्हा तिजोरीवरच बसवायचं? त्याने दुसरं काही करावं की. चष्मे करतोय ना, छान करतोय.”

शाळेतल्या बाई, डावा डोळा झाकून: “मग बंदी चार वर्षांची कशाला म्हणायची? जन्माची म्हणा. चार म्हणून सांगायचं आणि पाचव्या वर्षीही दार लावून घ्यायचं, ही पण फसवणूकच झाली.”

न्हावी, दोन्ही डोळे उघडे: “माझा मुलगा त्याच्यासारखे केस कापून घ्यायचा. चार वर्षं झाली, आता टक्कलच करतो. त्याला मी काय सांगू ते आधी सांगा.”

मागच्या खोलीतलं यंत्र प्रत्येक वेळी बंद व्हायचं. बोलणं संपलं की पुन्हा सुरू.

वेळ आहे! वळ!

शुक्रवारी संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात बसून बुटांना नवीन नाड्या ओवत होता. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

“तू काही बोलत नाहीस,” तो मला म्हणाला.

“काय बोलू? दोन्हीकडून मारामारी माझ्याच घरात.”

“मी बोलते,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या वडलांना मी किती वेळा घरात परत घेतलं, ते तुला ठाऊक नाही.”

“आई, त्यांनी सामना नव्हता विकला.”

“माझी हार्मोनियम विकली होती. आणि वर मलाच म्हणाले, चोर आला असेल.”

नवरा हसला नाही. नाडी एका भोकातून ओढून पुन्हा बाहेर काढली.

“गोल गेला त्याचं मला काही नाही गं,” तो म्हणाला. “गोल जातातच. मी थांबलो होतो. त्याच्या शब्दावर थांबलो होतो. आणि तेव्हापासून कोणीही मागून हाक दिली की माझे पाय थांबतच नाहीत. नवीन पोरगा हाक देतो, मी जातो. प्रत्येक चेंडूवर जातो. सगळे म्हणतात, कप्तान काय धावतो! मी धावत नाही, मला कोणावर सोडवत नाही.”

सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. “मग उद्या बघ सोडवतं का,” म्हणाल्या. “त्याच्यासाठी नको. स्वतःसाठी बघ.”

शनिवारी सकाळी दुकान उघडायला गेले तर भाऊ आधीच मागच्या खोलीत. यंत्र बंद. हातमोजे मांडीवर.

“ताई, गोल जायची भीती नाही वाटत,” तो म्हणाला. “चुकायची वाटते. बाकीचे चुकले तर ती चूक असते. मी चुकलो तर... मला आता चुकायची सोयच राहिली नाही. आणि न चुकता गोलकीपर होता येत नाही.”

मी दुकान बंद केलं आणि त्याच्याबरोबर मैदानावर गेले.

सोड!

समोर शेजारच्या गावचा संघ. साधा सराव सामना, पण कुंपणाला माणसं चिकटून उभी होती. खिडकी बघायला.

पहिला उंच चेंडू आला. “माझा!” भाऊ ओरडला. नवऱ्याने सोडला नाही. उडी मारली, डोक्याने बाहेर घालवला. कॉर्नर.

दुसरा. “माझा!” पुन्हा तेच. या वेळी भावाची मूठ आणि नवऱ्याचं डोकं एकाच जागी पोचली. दोघं दोन दिशांना पडले.

तिसऱ्या वेळी भावाने हाकच दिली नाही. ते जास्त वाईट होतं. हाक न देणारा गोलकीपर म्हणजे अंधारात ठेवलेलं टेबल. चेंडू खांबाला लागून परतला म्हणून वाचलो.

मध्यंतरात प्रशिक्षक, नाकावर नवा चष्मा, दोघांच्या मधे उभे. कुंपणापर्यंत ऐकू आलं.

“आंधळी कोशिंबीर खेळताय का? तू हाक दे. घसा घरी ठेवून आलास? आणि कप्तान, तू तरी एक ठरव. कानात बोळे घालून यायचं असेल तर तसं सांग, मी खुणा करतो.”

भाऊ गवताकडे बघत होता. नवरा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. बांधलेलीच होती.

उत्तरार्ध बराच सरला होता. गोल कोणाचाच नव्हता. डावीकडून एक चेंडू वर आला. उंच, आळशी, कोणीही घेतला असता असा. त्या दिवसाचाच चेंडू होता तो, फक्त चार वर्षं उशिरा खाली येत होता.

“माझा!”

इतक्या मोठ्याने की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा थांबला.

नवऱ्याने दोन पावलं टाकली होती. तिसरं उचललं. आणि ते तसंच खाली ठेवलं. डोकं खाली घातलं. चेंडू सोडला.

भाऊ वर गेला. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला, छान, मधोमध. समोरचा आडदांड खेळाडू त्याच्या बरगडीत घुसला. चेंडू निसटला, खाली पडला आणि दुसऱ्या कोणीतरी पायाच्या टोकाने जाळीत ढकलला.

मग कुंपणावरून एक आवाज: “उघडली रे खिडकी!”

बाकीचे तिघं बचावपटू कप्तानाकडे बघत होते. प्रशिक्षकांनी चष्मा काढला. मी कुंपणाची तार धरून होते. आता तो हात वर करेल. माफ करा मंडळी, म्हणेल. आणि संपेल.

भाऊ उठला. मूठ जमिनीवर आपटली. आधी रेफरीकडे वळला, “दिसलं नाही का? बरगडी आहे ही माझी, पायपुसणं नाही!” आणि मग सरळ माझ्या नवऱ्याकडे.

“आणि दाजी, तुम्ही कुठे होतात? सोडा म्हटलं म्हणजे चेंडू सोडा म्हटलं, मला सोडा नाही म्हटलं! तो बैल माझ्या अंगावर येतोय आणि तुम्ही काय फुलं वेचताय?”

चार वर्षांत भाऊ त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आणि गोल विकला त्या दिवशी तर कोणावरच ओरडला नव्हता.

नवरा त्याच्याकडे बघत राहिला. मान थोडी कलती, माझ्या खुर्चीत बसलेली माणसं बघतात तशी, आत्ता बरं दिसतंय की मघाशी, असं. मग जाळीत गेला, चेंडू उचलला आणि येऊन त्याच्या छातीवर आपटला.

“काय मेहुणे,” तो म्हणाला. “हाताला तेल लावून आलात का?”

“मला धक्का दिला!”

“धक्का देणारच. तुमची पूजा करायला आलाय का तो? दोन हात मिळालेत तुम्हाला, त्यातला एक तरी वापरायचा! आणि गुडघा कुठे होता? माझं नाक मोडायला बरा वर येतो तो गुडघा!”

“नाक तुमच्या चुकीने मोडलं!”

“ते मी मान्य केलंय! हे तुम्ही मान्य करा!”

“नाही करणार!”

चेंडू मध्यावर न्यायचा होता, पण दोघं भांडत भांडतच तिथवर गेले आणि भांडत भांडतच परत आले. रेफरी शिट्टी वाजवून दमला. कुंपणावरची माणसं हसायला लागली. त्यातली काही वाईट हसत होती, ती पुढेही तशीच हसणार. न्हावी मात्र कडेला उभा राहून डोळे बारीक करून बघत होता. त्यालाही चष्मा लागलाय, त्याला सांगायला हवं.

त्यानंतर आणखी दोनदा हाक आली. नवऱ्याने दोन्ही वेळा सोडला. एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही चेंडू भावाच्या छातीशी.

सामना संपला. आम्ही हरलो होतो. प्रशिक्षक कप्तानाजवळ गेले.

“बोल.”

“बोलायचं काय त्यात,” नवरा म्हणाला. धाप लागली होती, पण कमी. त्या दिवशी तो कमी धावला होता. “सोमवारपासून पहाटे बोलवा त्याला. हाताला काही वळण राहिलेलं नाही.”

“म्हणजे हो?”

“माझ्या मागे उभा करा म्हणतोय ना.”

भाऊ हातमोजे काढत होता. चिखलाने भरले होते. त्याने ते माझ्याकडे दिले आणि म्हणाला, “ताई, बघितलंस ना तू? धक्का होता की नव्हता?”

कॉलेजात नवऱ्याचं नाक मोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर माझा भाऊ त्याच्या नाकाला कापूस धरून बसला होता, आणि मी भावाला शोधत तिथे गेले तेव्हा नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं.