धुराकडे पाठ

मित्रांनो, मला होडी म्हणावे की चूल, हे मलाच नीटसे सांगता येत नाही. मी एक जुनी होडी आहे खरी, पण गेली अठ्ठावीस वर्षे माझ्या पोटात काठोकाठ वाळू भरलेली आहे. त्या वाळूवर ऑलिव्हच्या लाकडांचा विस्तव पेटतो आणि विस्तवाशेजारी वेळूच्या कामट्यांना ओवलेल्या तारल्या, ही छोटी मासळी, भाजतात. मालागा शहरात एल पालोच्या किनाऱ्यावर माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. शहरातल्या टेकडीवरचा किल्ला पाहून, उन्हाने लाल होऊन उतरलेले प्रवासी आमच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, बोटे चाटत तारल्या खातात आणि निघून जातात.

मला घडवले ते याच किनाऱ्यावर. सुताराने शेवटचा खिळा ठोकला आणि अन्सेल्मो नावाच्या तरुण कोळ्याने माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना एकेक डोळा रंगवला. पांढरा डोळा, काळे बुबुळ, भोवती तांबडी कड. आमच्याकडे होडीला डोळे रंगवतात, म्हणजे धुक्यातही तिला घरची वाट सापडते. त्याने मला आपल्या आईचे नाव दिले, ब्रिहिदा. तेवीस वर्षे मी त्याला समुद्रावर नेले आणि एकदाही परत आणायला चुकले नाही. एका जुलैत तर कोळ्यांना सांभाळणाऱ्या कार्मेन मातेची मूर्ती समुद्रावर फिरवण्याचा मान मला मिळाला. त्या दिवशी साऱ्या किनाऱ्याने माझ्यावर फुले टाकली. तेव्हाची ऐट आठवली की आता माझे मलाच हसू येते.

पुढे किनाऱ्याजवळची मासळी आटली. एकेक कोळी होडी वर ओढून तिच्यात वाळू भरू लागला. वाळू भरण्याआधी एक गोष्ट मात्र सगळे न चुकता करत. ते होडीचे डोळे खरवडून टाकत. डोळे गेले की ती होडी राहत नाही, चूल होते. मग तिला किनाऱ्याला समांतर, आडवी ठेवायची आणि भाजणाऱ्याने समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे. समुद्राचा वारा धूर रस्त्याकडे घेऊन जातो.

अन्सेल्मोने माझे डोळे खरवडले नाहीत. हातात खरवडायचा पत्रा घेऊन तो बराच वेळ माझ्यापुढे बसला आणि शेवटी त्याने तो पत्रा फेकून दिला. आता डोळे असलेल्या होडीला समुद्राकडून तोंड फिरवून ठेवणे आमच्या कोळ्यांत पाप समजतात. म्हणून त्याने माझी नाळ सरळ समुद्राकडे केली. माझ्या दोन्ही अंगांना गिऱ्हाइकांची टेबले, त्यामुळे त्याला उभे राहायला माझ्या मागच्या टोकाचीच जागा उरली. वारा माझ्या नाळेवरून यायचा आणि सगळा धूर उचलून त्याच्या तोंडावर टाकायचा.

शेजारी क्रिसान्तो नावाचा दुसरा भाजणारा होता. तो रोज टोमणे मारायचा. "काय रे अन्सेल्मो, होडी समुद्र बघतेय आणि तू रडतोयस! लग्नबिग्न लावलंयस की काय तिच्याशी?"

"तू तुझ्या तारल्या बघ. करपल्यात," अन्सेल्मो डोळे पुसत म्हणायचा.

त्याची मुलगी सालूद मात्र चेष्टा करत नसे. ती टेबलांवर ताटे नेता नेता थांबायची. "बाबा, आडवी कर ना तिला. थोडीशी वळवायची आहे फक्त. डोळे बघ तुझे, सुजलेत नुसते."

"तिला डोळे आहेत, सालूद. भिंतीकडे तोंड करून बसवायला ती काय शिक्षा झालेली पोर आहे? तेवीस वर्षं घरी आणलं तिनं मला."

"आणि तुझ्या डोळ्यांचं काय?"

"माझ्या डोळ्यांनी बघायचं तेवढं बघून घेतलंय."

मित्रांनो, इथे एक कबुली देते. मला ते आवडत होते. इतर होड्या आंधळ्या होऊन आडव्या पडल्या होत्या आणि मी एकटी लाटा मोजत होते. मागे तो खोकतो आहे, डोळे चोळतो आहे, हे मला कळत होते. पण माझे डोळे पुढे होते आणि पुढे समुद्र होता. मागचे दुःख न बघण्याची सोय मला आयतीच मिळाली होती.

दर वर्षी मातेच्या मिरवणुकीच्या दिवशी तो माझे डोळे नव्याने रंगवायचा. गेल्या जुलैत तो रंगाचा डबा घेऊन आला आणि जुन्या रंगाची कड बोटांनी चाचपू लागला. उजवा डोळा कसाबसा जागेवर आला. डावा वीतभर खाली उतरला आणि त्याचे बुबुळ कडेबाहेर ओघळले. सालूद ताटे हातात धरून बघत राहिली.

"जमलाय का गं नीट?" त्याने विचारले.

"जमलाय, बाबा."

तेवढ्यात किनाऱ्यावर घंटा वाजू लागल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसे मातेची मूर्ती खांद्यावर घेऊन आमच्या अगदी समोरून पाण्यात उतरली. दहा पावलांवरून. अन्सेल्मोने मान वळवून विचारले, "घंटा ऐकू येतायत. मूर्ती कुठवर आली?"

सालूदने ताटे खाली ठेवली. तिने त्याचा रंगाने माखलेला हात आपल्या हातात घेतला आणि बोट धरून मूर्तीच्या दिशेने वळवला. तेव्हा मला कळले की माझे डोळे राखता राखता त्याने स्वतःचे घालवले होते. मला रडता आले असते, तर माझ्या पोटातला विस्तव विझला असता.

दुसऱ्याच दिवशी, अन्सेल्मो यायच्या आधी, सालूदने क्रिसान्तोला आणि आणखी चौघांना बोलावले. त्यांनी वाळू उपसली, मला आडवी केली आणि पुन्हा भरली. क्रिसान्तोने डोळे खरवडायला पत्रा काढला. सालूद म्हणाली, "हात लावशील तर याद राख." त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही.

आता सालूद भाजते. धूर तिच्यापासून दूर जातो. माझा उजवा डोळा समुद्राकडे आहे आणि डावा, तो ओघळलेला, किनाऱ्याकडे. प्रवाशांना त्याची भारी मौज वाटते. ते त्याच्या बाजूला तोंड वाकडे करून फोटो काढतात. पण त्या डोळ्याला अन्सेल्मो दिसतो. धूर पोचणार नाही अशा जागी, भिंतीला टेकून, तो खुर्चीवर बसलेला असतो.

"वारा बदललाय वाटतं," तो कधी कधी म्हणतो. "धुराचा वासच येत नाही."

"हो बाबा, बदललाय."

"तिला समुद्र दिसतोय ना?"

"दिसतोय," सालूद म्हणते, आणि ते अर्धे खरे आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला माझ्यासारख्या वस्तू नेहमी सांगत आल्या आहेत. मी तसे सांगणार नाही. मला जितके जपले तितके कोणाला जपू नये. तुमच्या घरीही कोणीतरी तुमचे तोंड उजेडाकडे करून स्वतः मागे धुरात उभे असेल. एकदा मागे वळून बघा. मला नुसते डोळे होते, म्हणून अठ्ठावीस वर्षांत "अन्सेल्मो, मला वळव" एवढे तीन शब्द मी बोलू शकले नाही. तुम्हाला तर तोंड आहे.