बियाचा भोपळा

बनुबाईचा दुध्या भोपळा कुंडल गावात नावाजलेला. बी तिच्या आजेसासूपासूनचं. बाजारचं बी ती परसात शिवूसुद्धा द्यायची नाही, असली हट्टी बाई! बियाला राखायच्या भोपळ्यावर घरातल्या पुरुषानं तो कवळा असतानाच नखानं खूण करायची. फळ वाढेल तशी खूण वाढते आणि मग त्याला कुणी विळी लावत नाही. बेचाळीस साली लढाईवर जाताना तिच्या एकुलत्या एका लेकानं, आकारामनं, तशीच खूण केली, तीन रेघांचा त्रिशूळ. "आये, ह्यो मोडू नगंस," एवढंच बोलून गडी गेला.

पुढच्या साली त्या बियाचा वेल मांडवावर चढला आणि बघते तर काय, एकूण एक भोपळ्यावर त्रिशूळ! कुणी बोट लावलं नव्हतं. बनुबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. मग मात्र ती हरखली. "खुशाल हाय गं माजा लेक," ती सुनेला, साळूला म्हणाली. आठवड्यात त्याचं पत्र आलं. तेव्हापासून दोघी आधी वेल बघायच्या, मग चूल पेटवायच्या.

चव्वेचाळीसच्या श्रावणात एका सकाळी सगळे भोपळे कोरे दिसले. काल होते ते त्रिशूळ आज नव्हते, साल गुळगुळीत. बनुबाईनं घराकडं बघितलं, साळू अजून बाहेर आली नव्हती. पोरीनं हे बघितलं तर हाय खाईल! तिनं भराभरा नखानं रेघा ओढल्या, चीक दिसू नये म्हणून वर माती चोळली.

दुसऱ्या सकाळी भोपळे पुन्हा कोरे. तिनं काढलेल्या रेघाही गेल्या होत्या! मेल्या वेलाला दया न्हाई, म्हणत तिनं परत काढल्या. असं पाच दिवस चाललं.

सहाव्या दिवशी तिला उठायला उशीर झाला. धावत गेली तर प्रत्येक भोपळ्यावर त्रिशूळ. "आला गं बाई, माजा आकाराम आला!" तिला रडूच कोसळलं.

मांडवाच्या खांबाआड साळू बसली होती. तिची बोटं चिकानं आणि मातीनं माखली होती.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "तुमाला आज उशीर झाला, म्हून म्या काडलं."

बनुबाई मटकन तिच्याशेजारी बसली. तेवढ्यात पुढच्या दारातून पोस्टमननं हाक दिली, "बनुबाई, तार हाय!"

साळू उठू लागली. बनुबाईनं तिचा हात घट्ट धरला आणि तिथूनच ओरडली, "घरात कुनी न्हाई!"