माणसाला अर्थिंग

एकोणीसशे एक्क्याऐंशी सालचा पौष महिना. पिंपळगाव बसवंतच्या शिवारात द्राक्षाच्या मण्यांत नुकती गोडी उतरू लागली होती, आणि चंद्रभागानं सासऱ्यापुढं तोंड उघडलं ते त्याच महिन्यात. तोवर दोन लेकरांची आई झाली, तरी चिमाजीनं सुनेचा आवाज धड ऐकला नव्हता. काही विचारायचं तर ती सासूच्या आडून विचारायची.

चिमाजीचं नाव पंचक्रोशीत झालं होतं ते मातीमुळं. मोठा दुष्काळ सरला आणि त्याच्या विहिरीवर वीज आली. त्याच वर्षी ओल्या हातानं मोटारीची पेटी उघडताना त्याला करंट बसला आणि तो बांधावर फेकला गेला. मोटार बसवताना वायरमननं शेजारी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून एक पत्रा पुरला होता. "हे अर्थिंग. जादाचा करंट मातीत जातो आणि मोटार वाचते," असं तो सांगून गेला होता. लोकांना वाटलं, मोटारीला लागू ते माणसाला का नाही? वीज पडलेल्या माणसाला मातीत घालायची चाल तर आज्या-पणज्यांपासूनची. चिमाजीला गळ्यापर्यंत काळ्या मातीत पुरला. दिवस कलताना बाहेर काढला, तर गडी आपल्या पायांनी घरी आला आणि भाकरी मागू लागला.

तेव्हापासून त्यानं पायात वहाण घातली नाही. ढेकळं उन्हानं तापली तरी अनवाणीच. मग गुडघे धरलेले, झोप न येणारे, डोकं ठणकणारे लोक त्याच्याकडं येऊ लागले. मनमाडहून रेल्वेतली माणसंसुद्धा आली. बांधालगत त्यानं एक लांब चर खणला होता. त्यात पाणी सोडायचं, माणसांना काठावर बसवायचं आणि पाय चिखलात. "अंगात नको नको ते साठतं. काळी आई ते ओढून घेती," तो म्हणायचा. कुणाकडून नारळसुद्धा घेत नसे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर कंबर धरली तेव्हा चंद्रभागाही त्या चरात पाय सोडून बसली होती. बरं वाटलं होतं तिला, खोटं कशाला बोला.

त्या सकाळी लाईट आली तशी तिचा नवरा निवृत्ती मोटार चालू करायला गेला. चंद्रभागा वेलींखाली गवत काढत होती. मोटारीचा आवाज काही आला नाही. तिनं मान वळवून पाहिलं, तर निवृत्तीचा हात पेटीला चिकटलेला आणि सगळं अंग थरथरत होतं. तिची किंकाळी ऐकून शेजारच्या मळ्यातला गोटीराम धावला. त्यानं बाभळीच्या वाळक्या दांडक्यानं हात झटकून निवृत्तीला सोडवला. निवृत्ती कोसळला. तळहात काळा पडला होता, डोळे अर्धे मिटलेले. पण चंद्रभागानं छातीला कान लावला, तर श्वास चालू होता.

"चरात घाला त्याला!" घरातून चिमाजीसोबत धावत आलेली सासू, मालनबाई, लांबूनच ओरडली. "ह्यांला घातलं तसं घाला!"

आरडाओरडा ऐकून आसपासच्या मळ्यांतले गडीही जमले होते. विचारायला कुणी थांबलं नाही. चर तयारच होता. निवृत्तीला त्यात उताणा निजवला. चिमाजीनं स्वतः फावडं उचललं. माती पडत होती. पायांवर, पोटावर, छातीवर. ओली, काळी, जड माती. गोटीराम ती पायानं दाबत होता.

"मधी पोकळी ठेवू नका. करंट तिथंच दडून बसतो," तो म्हणत होता.

तोंडात माती जाऊ नये म्हणून चंद्रभागा नवऱ्याच्या डोक्याशी पदर धरून बसली होती. म्हणून तिला दिसलं. नाकपुड्या फुलत होत्या, पण छातीवरची माती हलत नव्हती. छातीला वर यायला जागाच नव्हती. ओठ निळे पडत चालले होते.

"आत्याबाई, ह्यांला श्वास घेता येईना."

"येईल. माती ओढतीय ना आता! तुझ्या मामंजींचाबी असाच रंग गेला व्हता."

"काढा ह्यांला. दवाखान्यात नेऊ."

"चंद्रे, गप! अर्ध्यात काढला तर करंट अंगातच राहील. कपाळ पांढरं करून घ्यायचंय का तुला?"

"वहिनी, डॉक्टर काय करंल? सुई टोचंल," गोटीराम म्हणाला. "त्याच्या सुईला काय अर्थिंग असतंय व्हय?"

एक-दोघे हसले. पोटात भीती मावेनाशी झाली की माणूस नको तिथं हसतो.

चंद्रभागा उठली. पदर नवऱ्याच्या तोंडापाशी धरलेला होता, तो तिनं डोक्यावर घेतलाच नाही. तशीच ती चर ओलांडून सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, तुम्हाला पुरलं तवा तुम्ही बोलत व्हता का?"

फावडं हवेतच थांबलं.

"काय विचारती ही!" मालनबाई किंचाळली. "सासऱ्याला सवाल करती!"

"बोलत व्हता का नव्हता, एवढंच सांगा."

सगळे चिमाजीकडं पाहू लागले. 'नव्हतो' एवढं म्हटलं असतं, तर कुणी पुढं विचारलं नसतं. ज्या मातीनं त्याला नाव दिलं होतं, तिचं नाव राहिलं असतं.

"बोलत व्हतो," तो म्हणाला. "शिव्या देत व्हतो. गोट्याच्या बापाला. छातीवर पाय देऊ नको म्हणून."

"ह्यांला शिवीबी देता येईना, मामंजी."

चिमाजीनं फावडं टाकलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी लेकाच्या छातीवरची माती उपसू लागला.

"काढा रे! आरं, मी मातीत जायच्या आधीच जिता व्हतो. जिताच व्हतो मी!"

मालनबाईनं त्याचे हात धरले. त्यानं ते सोडवून घेतले. दुसऱ्या बाजूनं चंद्रभागा माती ओढत होती. छाती मोकळी झाली तेव्हा निवृत्तीनं असा काही श्वास घेतला, की गोटीराम दचकून मागं सरला. मग तोच पळत गेला, आपल्या मेटॅडोरमधल्या द्राक्षाच्या रिकाम्या पेट्या रस्त्यावर फेकल्या आणि गाडी थेट बांधाला आणून लावली.

पिंपळगावच्या डॉक्टरनं नाकाला नळी लावली आणि लगेच नाशिकला न्यायला सांगितलं. आग्रा रोडवर चंद्रभागाच्या मांडीवर नवऱ्याचं डोकं होतं, आणि चिखलानं माखलेला चिमाजी लेकाची पावलं धरून बसला होता. ओझरच्या पुढं निवृत्तीचा श्वास अडखळला तेव्हा त्यानं सुनेकडं पाहिलं, तिनं 'हायेत' अशी मान हलवली, आणि श्वास पुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. माणूस मात्र घरी आला.

गावानं त्याचा अर्थ आपल्यापरीनं लावला. मातीनं निम्मा करंट ओढला म्हणून वाचला, पुरता ठेवला असता तर बोटंही राहिली असती, असं बोललं जाऊ लागलं.

चिमाजीनं चर बुजवला. कुणी आलंच तर म्हणायचा, "गुडघे दुखतात तर बसा कुठंबी मातीत, बरं वाटतं. पण करंट लागलेला माणूस दवाखान्यात न्या." एवढं साधं ऐकायला लोक कशाला येतील? हळूहळू कुणी येईनासं झालं. शहाऐंशी साली थंडीत खोकल्याचं निमित्त होऊन तो गेला. गोटीरामनं पुढं दोन टेम्पो घेतले, मळा भावाला दिला आणि पंचवटीत बिऱ्हाड केलं. मालनबाई वर्षभर सुनेशी बोलली नाही. मग बोलू लागली, पण त्या दिवसाचा विषय निघाला की उठून आत जायची. ती नवऱ्यामागं बरीच वर्षं जगली.

निवृत्ती डाव्या हातानं छाटणी करायला शिकला. पाहुण्यांना सांगायचा, "मातीनं वाचवलं मला." चंद्रभागा चहा गाळता गाळता ऐकायची. एकदा घरात कुणी नसताना तिनं विचारलं, "खरंच तसं वाटतं व्हय तुम्हाला?"

"आईसमोर दुसरं काय म्हणू?" तो म्हणाला.

आई गेल्यावरही त्याचं ते सांगणं सुटलं नाही. जिभेला वळण पडलं होतं. दोन हजार नऊ साली, थोरल्या नातीचं लग्न डोळ्यांनी पाहून, तो झोपेतच गेला. चंद्रभागा आता धाकट्या लेकाकडं नाशिकला असते.