चार ओळींचा खुलासा

“हीच ती पेपरवाली!” कौसाबाईंनी वृंदाला बरॅकच्या तोंडाशीच अडवलं. “आता काय बघायला आलीस? काचा?”

काचा गटाराच्या कडेला पडल्या होत्या. गुलाबाच्या सरबताने माती लाल झाली होती आणि तिच्यावर माश्या घोंगावत होत्या.

वृंदा अंबरनाथची, शिवमंदिराजवळ राहणारी. वडील एमआयडीसीत अधिकारी. ती पत्रकारितेचा कोर्स करत होती. १९८७ च्या एप्रिलमध्ये एका साप्ताहिकासाठी लेख लिहायला ती उल्हासनगरला, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारमध्ये फिरली. या बरॅकसमोर विलायती लेबलांच्या रिकाम्या बाटल्या मांडलेल्या होत्या. आत एक सिंधी म्हातारी स्टोव्हवर काहीतरी ढवळत होती. वृंदाने दारातूनच पाहिलं, बरॅकचा नंबर टिपला आणि निघाली. विचारायचं काय त्यात? ‘सिंध्यांचा सगळा कारभार डुप्लिकेट,’ हे ती लहानपणापासून जेवताना ऐकत आली होती. बरॅकच्या नंबरासकट नकली मालाचा लेख छापून आला तेव्हा वडिलांनी तो शेजाऱ्यांना वाचून दाखवला.

चौथ्या दिवशी इथे पोलीस आले. भरलेल्या बाटल्याही त्यांनी रस्त्यावर फोडल्या.

“सरबत करते ती,” कौसाबाई म्हणाल्या. “भंगारातल्या बाटल्या आणायच्या, लेबलं खरवडायची, उकळून घ्यायच्या, मग भरायच्या. वीस वर्षं आमची पोरं पितायत. मी समोरच राहते. मला तरी विचारायचंस!”

“मला वाटलं...”

“वाटलं ते लिवलंस!”

आतून म्हातारीचा आवाज आला, “उसको बोल, जा. दुकानवाले अब मेरा माल नहीं रखते. और क्या चाहिए उसको?”

वृंदा तशीच साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. झालेलं ऐकून संपादक हसले. “बाटल्या होत्या ना? मग झालं. आणि सिंधी थोडेच आपला अंक वाचतात?”

खुलासा छापला नाही तर पुन्हा लिहिणार नाही, असं तिने सांगितलं. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. तीन दिवस ती कचेरीत जाऊन बसली, तेव्हा कंटाळून त्यांनी शेवटच्या पानावर मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली चार ओळी टाकल्या.

“त्या लोकांची माफी मागतेस?” वडिलांनी अंक टेबलावर आपटला. नंतर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

तो अंक घेऊन ती पुन्हा कॅम्प चारला गेली. कौसाबाईंनी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि म्हातारीला वाचून दाखवला. ‘...एका महिलेच्या घरी नकली माल नसून सरबत तयार होत असल्याचे समजते.’

म्हातारी उंबऱ्याशी आली. “बरॅक का नंबर डाला था ना? अब मेरा नाम किधर है?”

नाव वृंदाला ठाऊकच नव्हतं. तिने ते कधी विचारलंच नव्हतं.

“आपका... नाम?”

“पोपटी. पोपटी टहलराम. शिकारपूरवाली.”

वृंदाने कौसाबाईंकडून अंक घेतला आणि खुलाशाशेजारच्या कोऱ्या जागेत नाव लिहिलं. म्हातारीने अंक डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि पेनासाठी हात पुढे केला.

“ये मेरे को नहीं आता. मैं चौथी पढी हूँ, सिंध में.”

अंक दाराच्या फळीवर टेकवून तिने उजवीकडून डावीकडे सावकाश आपल्या नावाची सिंधी अक्षरं काढली. मग अक्षरांच्या वरखालचा एकेक नुक्ता नीट बघून दिला. अंक आणि पेन वृंदाच्या हातात ठेवलं आणि दार लावून घेतलं. कौसाबाईही आपल्या घरात निघून गेल्या.

वृंदा भर उन्हात त्या अक्षरांकडे बघत उभी राहिली. तिला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं.